हप्त्यावरचा कोट

मेंढीच्या कातड्याचा कोट जड असतो. आत मेंढीची लोकर तशीच राखलेली, बाहेर घासून मऊ केलेलं कातडं, रुंद कॉलर, चामड्याच्या पट्ट्या गुंफून केलेली बटणं आणि मांडीपर्यंत येणारी लांबी. पावसात भिजला की त्यावर डाग पडतात, आगीजवळ वाळवला की तो ताठरतो, आणि घरी तर तो धुताच येत नाही. ओल्या हवेच्या देशात, कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या गल्ल्यांत राहणाऱ्या पोरांनी नेमक्या अशा कपड्यावर जीव टाकावा, हे वरवर पाहता कोड्यात टाकणारं आहे. तरीही १९६९ नंतरच्या दोन-तीन हिवाळ्यांत लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आणि उत्तरेकडच्या गिरण्यांच्या शहरांत सोळा-सतरा वर्षांच्या अनेक कामगार पोरांच्या मनात हा कोट सगळ्यात वरच्या जागी होता. तो अंगावर चढला की गल्लीतून चालताना मान आपोआप ताठ होई. ज्याला तो मिळाला नव्हता, तो पुढच्या हिवाळ्यासाठी पैसे बाजूला टाकत असे.

हा कोट आणि त्याच्या आगेमागे आलेले ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांतल्या तरुणांचे कपडे, हा या आठवणींच्या संग्रहाचा विषय. त्यावर इंग्रजीत कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं आहे. त्यातल्या बहुतेकांनी कपड्याकडे खूण म्हणून पाहिलं. हा बूट कशाचं प्रतीक, ही बारीक कापलेली हजामत कोणाविरुद्धचं बंड, असे प्रश्न विचारले. ज्यांनी ते कपडे प्रत्यक्ष घातले त्यांना बोलतं केलं की मात्र वेगळंच काही पुढे येतं. त्यांच्या बोलण्यात बंड क्वचित येतं. किंमत हमखास येते. किती आठवडे हप्ता भरला, पहिला हप्ता आईनं भरला की स्वतः, कोणत्या दुकानाच्या काचेत तो पहिल्यांदा दिसला, पहिल्या दिवशी खांद्यांना किती ओझं वाटलं, आणि कधीकधी, तो कोणी अंगावरून ओरबाडून नेला. हा जमाखर्च म्हणजे आठवणीतला किरकोळ तपशील नसून या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे, अशी या संग्रहाची भूमिका आहे. मला ती पूर्णपणे पटते, आणि या प्रस्तावनेत मी तिच्याच बाजूनं बोलणार आहे.

आधी कोटाचं कूळ पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात स्ट्रीट नावाचं गाव आहे. तिथे क्वेकर पंथाच्या सायरस क्लार्कनं १८२५ मध्ये मेंढीच्या कातड्याचे गालिचे बनवायला सुरुवात केली. त्याचा भाऊ जेम्स यानं उरलेल्या तुकड्यांच्या सपाता शिवल्या आणि त्यातून पुढे क्लार्क्स हा बुटांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. जवळच्याच ग्लॅस्टनबरीत मॉरलंड्सचा कारखाना होता. तिकडे पूर्वेला सफोकमधल्या बंगी गावात नर्सी यांचं घराणं १७९० पासून याच धंद्यात होतं. मेंढी पाळायची ती मटणासाठी आणि लोकरीसाठी. कातडं त्यानंतर हाती येणारं. लोकर न काढता ते कमवायचं, लोकर सगळीकडे सारख्या उंचीवर कातरायची, उलटी बाजू घासायची, रंगवायची, आणि मग जाड थर ओढू शकेल अशा मशीनवर शिवायचं. प्रत्येक कातड्याची जाडी निराळी, रंगही तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे एका कोटासाठी कातडी निवडणं हेच मोठं कसब. कोट महाग असे तो उगीच नव्हे.

या धंद्याला झळाळी दिली ती युद्धानं. पॅराशूटच्या क्षेत्रात नाव कमावलेला अमेरिकन लेस्ली आयर्विन यानं लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे कारखाना काढला होता. १९३० च्या दशकात त्यानं वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचं जाकीट तयार केलं, कारण त्या काळच्या विमानांत वर गेल्यावर हाडं गोठवणारी थंडी असे. १९४० च्या हवाई लढाईतल्या ब्रिटिश वैमानिकांच्या छायाचित्रांत ते जाकीट आणि आत लोकर असलेले बूट दिसतात. युद्ध संपलं, पण त्या कातड्याला चिकटलेला मान राहिला. पुढच्या वीस वर्षांत लांब कोटाच्या रूपात तो घोड्यांच्या शर्यतीतले बुकी, जुन्या मोटारींचे विक्रेते, सधन शेतकरी आणि फुटबॉल संघांचे मॅनेजर यांच्या अंगावर स्थिरावला. म्हणजे खिशात रोकड असलेला, थंडीत उघड्यावर उभं राहून धंदा करणारा, कोणाची मिंधेगिरी न करणारा पुरुष. कामगार वस्तीतल्या पोरानं हा कोट मागितला तेव्हा तो बापाच्या पिढीला धुडकावत होता असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. आपल्याच वस्तीत ज्या माणसाकडे चार पैसे दिसत, त्याच्यासारखं दिसण्याची ती इच्छा होती.

ती इच्छा पुरी होऊ शकेल अशी परिस्थिती पूर्वी नव्हती. युद्धाआधी गिरण्यांच्या प्रदेशात कमावत्या मुलानं पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हाती द्यावं आणि आईनं त्यातून हातखर्चाला काही परत द्यावं, ही सर्रास रीत होती. युद्धात, जून १९४१ पासून, कपड्यांवर रेशन आलं. ते मार्च १९४९ मध्ये उठलं. मांसावरचं रेशन तर १९५४ पर्यंत चाललं. त्यानंतरच्या वर्षांत काम मुबलक होतं. शाळा पंधराव्या वर्षी सुटे, शुक्रवारी पगार हाती येई, आणि हळूहळू पाकीट आईला देण्याऐवजी घरखर्चाची ठरावीक रक्कम देऊन उरलेले पैसे आपल्याकडे ठेवण्याची पद्धत पडली. लग्न, भाडं, मुलंबाळं यांच्या आधीची ती चार-पाच वर्षं. बाजारपेठेचे अभ्यासक मार्क अब्राम्स यांनी १९५९ मध्ये या तरुण ग्राहकावर पुस्तिका लिहिली आणि दाखवून दिलं की युद्धापूर्वीच्या तुलनेत त्यांच्या मर्जीनं खर्चायच्या पैशात मोठी वाढ झाली आहे, आणि तो पैसा मुख्यतः कामगार घरांतल्या मुलांचा आहे. कपडे, सिगारेटी, रेकॉर्ड, सिनेमा आणि नाचगाण्याची ठिकाणं यांवर तो खर्च होत होता.

या पैशाचं पहिलं ठळक रूप म्हणजे टेडी बॉइज. युद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या उच्चभ्रू शिंप्यांनी एडवर्ड राजाच्या काळातली लांब कोटांची धाटणी श्रीमंत तरुणांसाठी पुन्हा आणली होती. दक्षिण लंडनच्या एलिफंट अँड कासल वगैरे भागांतल्या मुलांनी तीच धाटणी उचलली, तिला मखमली कॉलर आणि जाड तळव्याचे बूट जोडले, केसांना भरपूर तेल लावलं, आणि श्रीमंतांनी ती धाटणी टाकून दिली. १९५३ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांना टेडी हे नाव दिलं. त्याच वर्षी क्लॅपम कॉमन इथे झालेल्या एका तरुणाच्या खुनानंतर तो कोट म्हणजे गुंड असं समीकरण रूढ झालं. १९५८ मध्ये नॉटिंग हिलच्या दंगलीत वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले करणाऱ्यांत टेडी पोरं होती, हेही विसरून चालणार नाही. पण त्यांचा सूट अंगावर बेतून शिवून घेतलेला असे आणि त्याचे पैसे आठवड्याला थोडे थोडे चुकवलेले असत. बापाच्या पिढीला याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. लीड्सच्या हडसन रोडवरच्या बर्टनच्या कारखान्यात भरभराटीच्या काळात दहा हजारांच्या आसपास माणसं काम करत होती, ती साध्या माणसाला मापाचा सूट परवडावा म्हणूनच.

मॉड त्यांच्या नंतरचे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस, आधुनिक जॅझचे शौकीन, इटालियन कापाचा आखूड जाकिटाचा सूट, अरुंद विजार, इटलीच्या स्कूटरी. ग्लासगोहून आलेल्या जॉन स्टीफन या दुकानदारानं कार्नबी स्ट्रीटवर एकामागून एक दुकानं काढून त्यांना कपडे पुरवले. यातले कित्येक जण कचेरीतले निरोपे, कारकून, दुकानांतले मदतनीस होते, आणि जाकिटाच्या मागच्या चिरेची लांबी इंचांत मोजून त्यावर भांडत. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टनला आणि नंतर ब्राइटन, मार्गेट, हेस्टिंग्ज इथल्या किनाऱ्यांवर मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्यात ज्या मारामाऱ्या झाल्या, त्यांच्यामुळे ही पिढी इतिहासात नोंदवली गेली. त्याआधीची सूटची सारी बारकाई त्या गोंगाटात बुडाली. १९७९ च्या ‘क्वाड्रोफेनिया’ चित्रपटानंतर तर मॉड म्हणजे लष्करी पार्का, असंच लोकांना वाटू लागलं. मूळच्या मॉडला पार्का हवा होता तो स्कूटरवर सूट मळू नये म्हणून.

स्किनहेड आणि त्यांच्यापाठोपाठ आलेले स्वेडहेड हा या संग्रहाचा मध्य. म्हणून इथे थोडं थांबतो.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॉडमधला एक गट अधिकाधिक भपकेदार होत गेला आणि दुसरा कामगारी साधेपणाकडे वळला. या दुसऱ्या गटानं केस बारीक केले; तेच स्किनहेड. डॉक्टर मार्टेन्सचे बूट घातले. हे बूट नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या वोलस्टनच्या ग्रिग्ज यांनी १ एप्रिल १९६० रोजी बाजारात आणले, तेव्हा ते पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार यांच्यासाठी होते. त्यांवर लेवाइसची जीन्स, रुंद पट्टे, आणि ब्राइटनच्या बेन शर्मनचा कॉलरला बटणं असलेला शर्ट. अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या शर्टावरून तो शर्ट बेतलेला होता. मँचेस्टरकडच्या बॅराक्युटाचं आखूड जाकीट होतं. एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतल्या पात्रावरून त्याला हॅरिंग्टन म्हणू लागले. संध्याकाळी नाचाला जाताना मोहेरमिश्रित चमकत्या कापडाचा सूट असे, आणि नाच व्हायचा तो जमैकाच्या संगीतावर. शेजारच्या वेस्ट इंडियन मुलांची तोकडी विजार, तालावर पाय टाकण्याची रीत, डेस्मंड डेकर आणि ट्रोजन कंपनीच्या रेकॉर्ड, हे सगळं स्किनहेडनं आपलं केलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकाच नाचघरात काढलेल्या त्या रात्री आजही अनेकांना आठवतात.

१९७० च्या सुमारास केस थोडे वाढले, स्वेडच्या कातड्याच्या लवेइतके, आणि स्वेडहेड हे नाव आलं. बुटांच्या जागी नक्षीदार छिद्रांचे चामडी बूट, जीन्सच्या जागी कडक इस्त्रीची विजार, आणि वर एक चांगला ओव्हरकोट. हा ओव्हरकोट दोन प्रकारांत मिळे. एक क्रॉम्बी, गडद लोकरी कापडाचा, वरच्या खिशात रुमाल खोचलेला. दुसरा शीपस्किन, म्हणजे हाच मेंढीच्या कातड्याचा कोट. क्रॉम्बीची स्वस्त नक्कल लवकरच बाजारात आली. मेंढीच्या कातड्याची नक्कल करणं मात्र अवघड होतं. कृत्रिम लोकरीचा कोट दहा पावलांवरून ओळखू येई. त्यामुळे वस्तीतल्या प्रतिष्ठेच्या शिडीवर खरा शीपस्किन वरच्या पायरीवर राहिला. शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू होई आणि प्रेक्षक उघड्या पायऱ्यांवर उभे राहून तो पाहत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलं तेच जाणोत. कोटाची ऊब ही खरी गरज होती. तिथेच तो हजारो डोळ्यांसमोर मिरवलाही जाई, आणि तिथेच, सामन्यानंतरच्या गर्दीत, परक्या संघाच्या पोरांकडून हिरावलाही जाई. कोट गेला तरी हप्ते चालूच राहत. आठवणींमध्ये ही चोरी इतक्या वेळा का येते, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

त्याच वर्षांत मेंढीच्या कातड्याचा आणखी एक कोट लंडनमध्ये दिसत होता. गझनीकडून येणारा, कशिदा काढलेला अफगाणी कोट. किंग्ज रोडवरच्या दुकानांत तो विकला जाई, बीटल्सनी तो घातला, आणि हिप्पींनी त्याला आपला गणवेश केलं. कातडं दोन्हीकडे मेंढीचंच. पण अफगाणी कोट घालणारा बहुधा मध्यमवर्गीय मुलगा गरिबीकडे, दूरच्या देशाकडे, निसर्गाकडे तोंड करून उभा होता. शीपस्किनवाला मुलगा गरिबीतून बाहेर पडायच्या वाटेकडे. स्किनहेडना हिप्पींचा इतका तिटकारा का होता, याचा एक भाग तरी यातून कळतो.

या कपड्यांचा दुसरा चेहरा टाळता येत नाही, आणि या संग्रहानं तो टाळलेला नाही. १९६९-७० मध्ये ईस्ट एंडमध्ये पाकिस्तानी, भारतीय आणि बंगाली स्थलांतरितांना गाठून मारण्याचे प्रकार सुरू झाले, आणि मारणाऱ्यांत स्किनहेड होते. एप्रिल १९७० मध्ये तोसिर अली या कामगाराचा खून झाला. पुढे सत्तरीच्या अखेरीस स्किनहेडची वेशभूषा पुन्हा आली तेव्हा नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षानं तिच्यावर जवळजवळ कब्जाच केला. ४ मे १९७८ रोजी व्हाइटचॅपलमध्ये तीन तरुणांनी अल्ताब अली या बंगाली तरुणाला ठार मारलं. तो दिवसभराचं काम संपवून घरी निघाला होता. तो चामड्याच्या कपड्यांच्या धंद्यात कामाला होता. ब्रिक लेनच्या परिसरातल्या कार्यशाळांमध्ये पूर्वी ज्यू शिंपी जे काम करत, ते आता बंगाली हात करत होते. लंडनच्या बाजारात टांगलेल्या चामडी कोटांतले कितीतरी याच हातांनी शिवलेले. कोट घालणारा आणि कोट शिवणारा एकाच वस्तीत राहत होते, आणि कधीकधी पहिल्याच्या हातून दुसरा मेला. तरुणाईच्या फॅशनवरचं जे लेखन हे सांगत नाही, त्यावर माझा विश्वास नाही. ज्या बागेजवळ अल्ताब अली पडला, तिला १९९८ पासून त्याचं नाव आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात. उत्तरेत मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, मग १९७३ ते १९८१ विगन कसिनो इथे दुर्मीळ अमेरिकन सोल रेकॉर्डवर रात्रभर नाचणारी नॉर्दर्न सोलची मंडळी आली, ढगळ विजारी आणि बनियन घालून. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीहून टू टोनच्या वाद्यवृंदांनी काळ्या-गोऱ्यांची जुनी मैत्री पुन्हा मंचावर आणली. लिव्हरपूलचे फुटबॉल समर्थक संघामागोमाग युरोपात गेले आणि तिथल्या खेळाच्या कपड्यांचे ब्रँड घेऊन परतले. त्यातून कॅज्युअल आले. प्रत्येक टप्प्यावर वस्तू बदलली. परवडणाऱ्या वस्तूपेक्षा एक पायरी वरची वस्तू अंगावर हवी, हा आग्रह बदलला नाही.

आता अभ्यासकांबद्दल. रिचर्ड हॉगर्ट यांनी १९५७ मध्ये ‘द यूजेस ऑफ लिटरसी’त लीड्सच्या कामगार जीवनाचं अत्यंत जिव्हाळ्याचं चित्र काढलं, पण ज्यूकबॉक्सभोवती रेंगाळणाऱ्या पोरांबद्दल ते कठोर झाले. याच हॉगर्ट यांनी १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, आणि स्टुअर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली त्या केंद्रानं याच पोरांना गंभीरपणे घेतलं. फिल कोहेन यांनी ईस्ट एंडच्या जुन्या गल्ल्या पाडून उंच इमारती उभ्या राहणं, गोद्यांचं काम घटणं आणि स्किनहेडचा उदय यांचा संबंध जोडला. हरवत चाललेली वस्ती पोरं कपड्यांतून जणू परत मिळवू पाहत होती, असं त्यांचं आणि जॉन क्लार्क यांचं म्हणणं. डिक हेब्डिज यांनी १९७९ मध्ये ‘सबकल्चर’ या पुस्तकात कपड्यांचं वाचन एखाद्या संहितेसारखं केलं. दुसरीकडे स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये क्लॅक्टनच्या घटनांवरून दाखवलं की वर्तमानपत्रं, न्यायाधीश आणि पोलीस मिळून एका किरकोळ दंग्याचा राक्षस कसा बनवतात.

या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. बर्मिंगहॅमनं कामगारांच्या पोरांना मूर्ख किंवा गुन्हेगार मानायला नकार दिला; त्या काळात हे धाडसाचं होतं. पण त्यांच्या लेखनात दुकान फारसं येत नाही. शिंपी, हप्ता गोळा करणारा एजंट, कॅटलॉग येत नाही. आणि मुली तर जवळपास येतच नाहीत. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी त्याच केंद्रात राहून हा प्रश्न विचारला: मुलींना रस्त्यावर फिरण्याची मोकळीक कमी, घरकाम त्यांच्यावर, तर त्यांची फॅशन कुठे घडत होती? झोपायच्या खोलीत, मैत्रिणींसोबत, हे त्यांचं उत्तर. नव्वदीनंतर सेरा थॉर्नटन, डेव्हिड मगल्टन, अँडी बेनेट अशा अभ्यासकांनी वर्गाचा धागाच सैल केला. गट कायमचे नसतात, माणसं गटांत येतात-जातात, असं ते म्हणतात. त्यांच्या काळापुरतं ते खरं असेल. १९७० च्या शीपस्किनबद्दल मात्र ते मला अपुरं वाटतं, कारण त्या कोटाचा प्रत्येक धागा पगाराला बांधलेला होता.

मला सर्वांत जवळचं वाटणारं पुस्तक या शाखेतलं नाहीच. कॅरोलिन स्टीडमन यांच्या १९८६ च्या ‘लँडस्केप फॉर अ गुड वुमन’मध्ये त्यांची आई आहे, लँकेशायरच्या विणकरांच्या घरातून दक्षिण लंडनला आलेली. १९४७ नंतरच्या दिओरच्या नव्या धाटणीचा घेरदार, भरपूर कापड लागणारा पेहराव तिला हवा होता. तो मिळत नाही याची चीड तिनं जन्मभर बाळगली. कामगार स्त्रीची अशी उघड, चैनीची हाव डाव्या विचारांच्या इतिहासात बसत नव्हती. स्टीडमन यांनी ती हाव राजकीय आहे असं ठामपणे मांडलं. या संग्रहातल्या स्त्रियांच्या आठवणी याच वाटेनं जातात. ब्रॅडफर्डची प्रॉव्हिडंट कंपनी १८८० पासून कपडे खरेदीचे चेक उधारीवर देत असे आणि तिचे एजंट दर आठवड्याला दारात येऊन पैसे गोळा करत. लिटलवुड्स, फ्रीमन्स, केज, ग्रॅटन यांचे जाड कॅटलॉग शेजारची एखादी बाई एजंट म्हणून घरी ठेवी, गल्लीतल्या बायका पानं उलटून वस्तू निवडत, आणि पैसे आठवड्यांच्या हप्त्यांत फेडत. एजंट बाईला त्यावर थोडं कमिशन सुटे. कितीतरी पोरांचे ‘बंडखोर’ कोट असे आईच्या नावावर आले. मुलींचं पाहावं तर १९६४ मध्ये बार्बरा हुलानिकी यांच्या बीबाचा गुलाबी चौकड्यांचा झगा ‘डेली मिरर’मधल्या जाहिरातीवरून टपालानं मागवता आला, आणि सतरा हजारांच्या आसपास मागण्या आल्या. ज्यांना तोही परवडत नव्हता त्यांनी पॅटर्नचे कागद आणून घरच्या मशीनवर झगे शिवले.

शीपस्किनचं नंतर काय झालं, तेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं त्याला हास्याचा विषय केलं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधला पेकमचा फिरता विक्रेता डेल बॉय तो कोट घालून झटपट श्रीमंतीची स्वप्नं पाहत असे. मालिकेचे लेखक जॉन सलिव्हन दक्षिण लंडनच्या कामगार घरातले होते, आणि त्यांच्या विनोदात मायाही होती. पण पुढे त्या कोटाचा उल्लेख झाला की लबाड विक्रेता आठवावा, हे ठरून गेलं. दुसरीकडे बीबीसीचे फुटबॉल समालोचक जॉन मोटसन यांनी तो आदरानं जपला. डिसेंबर १९९० मध्ये वायकंबच्या मैदानावर हिमवर्षावात शीपस्किन घालून उभे असलेले मोटसन अनेकांच्या स्मरणात आहेत. २०२३ मध्ये ते वारले तेव्हा ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत त्या कोटाची आठवण पुन्हा निघाली. स्टेडियममधल्या उभ्या राहण्याच्या पायऱ्याही गेल्या. हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या दुर्घटनेनंतर टेलर अहवालाच्या शिफारशीवरून मोठ्या मैदानांत सर्वांना आसन आवश्यक झालं. मॉरलंड्सचा ग्लॅस्टनबरीचा कारखाना बंद पडला. बर्टनचं मापाचं शिवणकामही संपलं.

आज हा विषय का? एक कारण सरळ आहे. १९७० मध्ये सतरा वर्षांचा असलेला मुलगा आता सत्तरी ओलांडून गेला आहे. दुसरं कारण अधिक अस्वस्थ करणारं. जुन्या कपड्यांच्या दुकानांत आज तेच कोट मोठ्या किमतीला विकले जातात, छायाचित्रांची देखणी पुस्तकं निघतात, आणि कपडा वर्गापासून सुटा होऊन शोभेची वस्तू बनतो. त्याच वेळी आजच्या कामगार पोरांच्या कपड्यांना खुशाल हसलं जातं. २००० नंतरच्या दशकात बर्बरीच्या चौकड्यांची टोपी घालणाऱ्या मुलांची ‘चॅव’ म्हणून इतकी टिंगल झाली की २००४ मध्ये कंपनीनं ती टोपीच बाजारातून काढली. मेलेल्या फॅशनचं कौतुक आणि जिवंत फॅशनचा तिरस्कार एकाच समाजात सुखानं नांदतात.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. लँकेशायर आणि मुंबईच्या गिरण्या एकाच बाजारासाठी झगडल्या. १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनच्या परिसरात बेकार गिरणी कामगारांना भेटायला गेले होते ते त्यामुळेच. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांच्या तोंडून तिथला इतिहास लिहिला, तेव्हा अशा आठवणींची ताकद आपण पाहिली आहे. आणि कपडा ही मानाची बाब आहे हे तर महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्पष्ट सांगितलं होतं: ज्या लुगड्याच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते ते सोडा, नीटनेटकं नेसा. जात आणि वर्ग यांची गणितं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ या संग्रहात केलेली नाही. पण चांगला कपडा मागणाऱ्याला उधळा म्हणणारा आवाज दोन्हीकडे ऐकू येतो.

वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आठवणी परस्परांत मिसळतात. १९६९ चे स्किनहेड आणि दहा वर्षांनंतरचे स्किनहेड अनेकांच्या मनात एक होऊन बसले आहेत. जिथे शक्य आहे तिथे संपादकांनी काळ वेगळा करून दाखवला आहे, पण सांगणाऱ्याचं बोलणं दुरुस्त केलेलं नाही. लंडन आणि उत्तर इंग्लंड यांच्यात एखादी धाटणी पोचायला वेळ लागे, त्यामुळे एकाच कोटाचं वर्ष गावागणिक बदलतं. वेल्स आणि स्कॉटलंडवरची पानं कमी पडली आहेत. उत्तर आयर्लंडला मुळात स्वतंत्र पुस्तक हवं. कपड्यांची नावं रूढ इंग्रजी उच्चारानंच ठेवली आहेत, कारण लोक ती तशीच उच्चारतात.

किमतींबाबत एक शेवटची सूचना. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगचे बारा पेन्स होते. चांगल्या शिंप्यांचे आणि भारी दुकानांचे दर तर गिनीत, म्हणजे एकवीस शिलिंगांत, सांगत. ज्यांनी त्याआधी कोट घेतला ते आजही त्याची किंमत त्याच नाण्यांत सांगतात. संपादकांनी त्या रकमा आजच्या पैशांत बदललेल्या नाहीत. त्याऐवजी, जिथे सांगणाऱ्यानं दिला आहे तिथे, त्या वेळचा त्याचा आठवड्याचा पगार शेजारी छापला आहे.